नऊशे ऐंशीचं जर्नल

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची कुठलीही वीस जर्नलं उचला आणि साध्या लोलकाचा प्रयोग उघडा. गुरुत्वत्वरणाचं, म्हणजे 'जी'चं उत्तर बघा. एकात ९८०. पुढच्यात ९७९.६. त्याच्या पुढच्यात ९८०.४. सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. बघणाऱ्याला वाटावं, काय अचूक प्रयोग होतात हो आपल्या कॉलेजांतून! आणि हे सगळं कशावर? तर दोनदा दाबल्याशिवाय बटण लागत नाही अशा स्टॉपवॉचवर, आणि जिच्या टोकाचा पहिला सेंटिमीटर झिजून गेलाय अशा मीटरपट्टीवर.

जरा हिशोब करून बघू. (फिजिक्स सोडून वर्षं झाली असतील त्यांनीही घाबरू नये, नववीचं गणित आहे.) एक मीटर लांबीच्या लोलकाला एक दोलन पूर्ण करायला साधारण दोन सेकंद लागतात. वीस दोलनांना चाळीस. स्टॉपवॉच सुरू करताना आणि थांबवताना माणसाचा अंगठा मिळून ०.२ सेकंद तरी इकडेतिकडे होतोच. चाळीसात ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात एक टक्का. ९८० चा एक टक्का म्हणजे जवळजवळ दहा. म्हणजे प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या वीस मुलांची उत्तरं ९७० ते ९९० या पट्ट्यात विखुरलेली हवीत, दोनचार त्याच्याही बाहेर. सगळी एकाच्या आत येणं हे कौशल्य नाही, अशक्य आहे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ९८० हा आपल्याकडचा आकडा नाहीच. ९८०.६६५ हे प्रमाण मूल्य वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली ठरवून टाकलं, आणि ते साधारण ४५ अंश अक्षांशावर समुद्रसपाटीला जे मिळेल त्याच्या जवळचं आहे. पुणं साडेअठरा अंशांवर, वर साडेपाचशे मीटर उंचीवर. इथे 'जी' ९७८.४ च्या आसपास येतो. म्हणजे आमची पोरं इतकी खटपट करून जे उत्तर जुळवतात ते जुळवायलाही चुकीचं आहे!

जुळवतात कसं, तेही सांगतो. उत्तराकडून मागे जायचं. लांबी ठरलेली, 'जी' ९८० धरायचा, त्यावरून वेळ काढायची, वीसने गुणायचं, शेवटचा अंक जरा इकडेतिकडे हलवायचा, म्हणजे खरं वाटतं. याला मुलं 'रीडिंग कुक करणं' म्हणतात. ज्यांना एवढेही कष्ट नकोत ते सीनियरचं जर्नल आणतात. इंजिनिअरिंगला ड्रॉइंगच्या शीटला 'जीटी' मारायची पद्धत होती, म्हणजे ग्लास ट्रेसिंग: खाली दिवा, वर काच, काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली. मला निदान त्यात काही कारागिरी तरी दिसायची.

हे सगळ्यांना माहीत असतं. मुलांना, आम्हाला, लॅबमधल्या मामांना. मामा तर परीक्षेत कळवळून हळूच सांगतात, "त्या भिंगाचं वीस येतं रे." त्यांचा हेतू वाईट नसतो, पोरगं पास व्हावं एवढंच. आणि वर्षाअखेरीस जर्नलच्या पहिल्या पानावर छापील सर्टिफिकेट असतं की या विद्यार्थ्याने अमुक इतके प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. त्याच्याखाली सही विद्यार्थ्याची नसते. आमची असते.

म्हणून मला वाटतं, कॉपीवरची आपली चर्चा भलत्या टोकाकडून सुरू होते. परीक्षा, भरारी पथक, चिठ्ठ्या, मोबाइल. महाराष्ट्रात परीक्षांमधल्या गैरप्रकारांवर १९८२ पासून कायदा आहे. पण परीक्षेतली कॉपी तीन तासांची, आणि ती करणाऱ्याला आपण चोरी करतोय हे कळतं, छातीत धडधडतं. जर्नलचं तसं नाही. ते वर्षभर चालतं, भर दुपारी, लायब्ररीत टेबलं जोडून, आणि त्याला काही नावच नाही. 'जर्नल कंप्लीट करणं' असं अगदी सोज्वळ नाव आहे. अठराव्या वर्षी कॉलेजात आलेल्या मुलाला आपण पहिल्या सहामाहीत काय शिकवतो? की बघितलेलं आणि लिहिलेलं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि गुण लिहिलेल्याला असतात.

वरच्या पातळीवर काय चाललंय तेही याच जातीचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम आणले. चांगलं झालं, नव्हतं त्यापेक्षा हजारपट बरं. त्यात पायऱ्या आहेत: प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य सापडलं तर शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा सादर करा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आता एक आकडा दिला की आपण काय करणार? दहाच्या आत आणणार. शब्द बदलून, वाक्यं उलटीपालटी करून 'पर्सेंटेज कमी करून' देणं हा एक जोडधंदाच होऊन बसला. विचार दुसऱ्याचाच राहिला, फक्त मशीनला ओळखू येईनासा झाला. दहा टक्के हेही एक नऊशे ऐंशीच.

दुसरा उपाय म्हणजे प्रतिज्ञा. अॅडमिशनच्या वेळी सही घ्या, उत्तरपत्रिकेवर सही घ्या, 'मी प्रामाणिकपणे...' वगैरे. यामागे शास्त्र आहे असंही सांगितलं जायचं. २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता: फॉर्मच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीलाच सही करून घेतली तर माणसं जास्त खरी माहिती भरतात. लेखकांत डॅन एरिअली आणि फ्रान्चेस्का जिनो ही गाजलेली नावं. कल्पना इतकी सोपी आणि फुकट, की सगळीकडे पसरली. पुढे २०२० साली त्याच लेखकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, परिणाम दिसला नाही. मग २०२१ मध्ये 'डेटा कोलाडा' चालवणाऱ्या संशोधकांनी जुन्या निबंधातली मोटारविम्याची आकडेवारी तपासली, तर ती बनावट निघाली आणि तो निबंध मागे घ्यावा लागला. प्रामाणिकपणावरच्या निबंधातली रीडिंग्ज कुक केलेली! हे वाचलं तेव्हा मी हसलो. नंतर हसू ओसरलं, कारण स्टाफरूममध्ये त्या निबंधाचं कौतुक ऐकलेलं होतं.

तिसरा उपाय सध्या जोरात आहे, एआयने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये ओळखण्याचं साधनही काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निबंध त्या साधनांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा 'यंत्राने लिहिलेले' ठरवले. कारण सरळ आहे: शब्दसंग्रह कमी, वाक्यं साचेबंद. आता बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, घोकून घोकून इंग्रजी जमवलेली आमची मुलगी या यंत्रासमोर उभी करा. तिने रात्र जागून स्वतः लिहिलं, आणि यंत्र म्हणतं, तू चोर. सॉफ्टवेअर वापरू नका असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आकड्यावर एखाद्या पोराला उभं करून जाब विचारायचा, तर आधी त्याच्याशी दहा मिनिटं विषयावर बोला.

असो. टीका पुष्कळ झाली. माझ्या मते शिक्षकाच्या हातात जे आहे ते फार साधं आहे, आणि ते मला लोलकानेच दाखवलं.

एका वर्षी एका मुलीचं उत्तर आलं १०८४. लोलकाच्या पाच वेगवेगळ्या लांब्या घेतल्या होत्या, पाचही वेळा १०८० ते १०९०. आलेखही काढला होता तिने, रेघ अगदी सरळ, मूळ बिंदूतून जाणारी. ती रडकुंडीला आली होती. "सर, तीनदा केलं. तेच येतंय. ९८० करून टाकू का?"

म्हटलं, "अगं थांब, मला मोजून दाखव." तिने गोळा सोडला, बटण दाबलं आणि त्याच क्षणी म्हणाली, "एक."

संपलं. सुरुवातीलाच 'एक' म्हटलं की 'वीस' म्हणेपर्यंत दोलनं होतात एकोणीस. सुरुवातीला 'शून्य' म्हणायचं असतं. एकोणिसांची वेळ विसांची समजली की प्रत्येक दोलन पाच टक्क्यांनी छोटं वाटतं आणि उत्तर जवळपास ११ टक्क्यांनी फुगतं. ९७८ चे १०८४ होतात. चूक प्रत्येक वेळी सारखीच, म्हणून आलेखही सरळ. १०८४ हा आकडा दिसला की आता मी लांबूनच सांगू शकतो काय झालंय. गोळ्याची त्रिज्या लांबीत धरायची राहिली असेल तर उत्तर वेगळ्याच तऱ्हेने बिघडतं: लोलक जितका आखूड तितकं उत्तर जास्त कमी येतं, आणि आलेखाची रेघ मूळ बिंदू चुकवते. प्रत्येक चुकीला आपला चेहरा असतो.

आता विचार करा, तिने ९८० करून टाकलं असतं तर? माझी सही मिळाली असती, गुण मिळाले असते, आणि 'एक'पासून मोजायची सवय तशीच राहिली असती. जुळवलेल्या जर्नलवरून विद्यार्थ्याला काय येत नाही हे मला कधीच कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन दुसऱ्याचा रिपोर्ट दाखवण्यासारखं आहे ते. मला तरी खोटेपणाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं, पाप-पुण्य राहू द्या बाजूला.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र गोड नाही. वर्षाअखेरीस विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्याच मुलीला लोलकच आला. तिने शून्यापासून मोजलं, जे आलं ते लिहिलं: ९६२. शेजारच्या टेबलावरच्याने ९८०.२ लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या उत्तराभोवती गोल काढला आणि पाचापैकी दोन गुण दिले. शेजाऱ्याला पाच. मी अंतर्गत परीक्षक होतो. मी त्यांना वरचा सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. ते सज्जन गृहस्थ, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण स्कीममध्ये 'रिझल्ट' लिहिलंय. मी तरी काय करू?" गुण तेच राहिले.

नंतर ती मुलगी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मग मी काय करायला हवं होतं?"

या प्रश्नाला 'प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागते' असं उत्तर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते उत्तर साफ नामंजूर आहे. किंमत मोजावी लागते, पण ती अठरा वर्षांच्या पोरीने का मोजायची? नियम आम्ही केले, स्कीम आमच्यातल्याच लोकांनी बसून लिहिली, सही आमची. आम्ही आधी खर्च करायला हवा: वेळेचा, सोयीचा, थोड्या वाईटपणाचाही. मी तिला एवढंच सांगितलं की तुझं उत्तर बरोबर आहे आणि गुणपद्धत चूक आहे, आणि ती बदलायचं काम तुझं नाही, माझं आहे.

विद्यापीठाची स्कीम काही एका विभागाच्या हातात नसते. पण वर्षभराच्या अंतर्गत गुणांचं आम्ही ठरवू शकत होतो, ते ठरवलं. उत्तराला म्हणून वेगळे गुण नाहीत. उत्तर काहीही येवो, ते किती इकडेतिकडे असू शकतं आणि का, हे लिहिलं तर गुण. कच्ची वही प्रत्येकाची वेगळी. तिच्यात रीडिंग पेनने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ, व्हाइटनर बंद. लॅब सुटायच्या आत कच्च्या वहीवर वेळ टाकून सही. भिंगांच्या पाकिटांवरचे आकडे काढून अ, ब, क लिहिलं. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे काळ्या रंगाने झाकले. (मामा पहिले दोन आठवडे नाराज होते. मग त्यांनीच सुचवलं की अ-ब-कसुद्धा दर वर्षी बदला, पोरं पुढच्या बॅचला सांगतात.)

आणि सगळ्यांची उत्तरं टिंबांनी फळ्यावर मांडायची, ज्याची त्याने. वीस टिंबं पसरलेली दिसली की मुलांना पहिल्यांदा कळतं की आपलं ९६२ एकटं नाही. सरासरी काढली की ती एकेकट्या उत्तरापेक्षा बहुतेक वेळा खऱ्या आकड्याच्या जास्त जवळ जाते. यातून एक गोष्ट न सांगता पोचते: तुझं खोटं टिंब फक्त तुझं नाही, ते सगळ्यांच्या सरासरीत मिसळतं.

ही खोड फक्त पहिल्या वर्षाच्या पोरांची नाही बरं का. मिलिकनने तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार काढला, १९२३ चं नोबेल मिळवलं. हवेच्या श्यानतेचा आकडा जरा चुकीचा धरल्यामुळे त्याचं उत्तर किंचित कमी आलं होतं. नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर गेली नाहीत, हळूहळू वर सरकत गेली. का? १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात रिचर्ड फाइनमनने याचं कारण सांगितलं: उत्तर मिलिकनपेक्षा फार वर आलं की लोक चूक शोधत बसायचे, जवळ आलं की तितक्या कसोशीने शोधायचे नाहीत. ज्या संस्थेची उभारणी मिलिकननेच केली तिथेच उभं राहून त्याने हे सांगितलं, हे मला फार आवडतं. मी ही गोष्ट दर वर्षी सांगतो. 'मोठमोठ्यांनाही मोह होतो' हे ऐकलं की मुलं मोकळी होतात, आणि मग स्वतः कुठे कुठे जुळवलं ते आपणहून बोलतात.

सहकाऱ्यांचा आक्षेप वेळेचा असतो, आणि तो खरा आहे. एका बॅचला वीस-एकवीस मुलं, तीन तास. सही अर्ध्या मिनिटात होते, पण प्रत्येकाला नीट प्रश्न विचारायचे तर तीन मिनिटं धरली तरी तासभर गेला. मी दर आठवड्याला सातच जणांना विचारतो, चिठ्ठ्या टाकून. तीन आठवड्यांत फेरी पूर्ण. प्रश्न कठीण नसतात. हे तिसरं रीडिंग एवढं वेगळं का? लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस? ज्याने प्रयोग केलाय त्याला सांगता येतं, अगदी मोडक्यातोडक्या भाषेत का होईना. ज्याला एआयने सुंदर तक्ता करून दिलाय त्याला येत नाही. या परीक्षेला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि मराठीत उत्तर दिलेलं चालतं.

दुसरा आक्षेप कुणी तोंडाने घेत नाही. आपण स्वतः काय करतो हा तो आक्षेप. गाइडमधून नोट्स डिक्टेट करायच्या आणि मुलांना 'स्वतःच्या भाषेत लिहा' म्हणायचं. अंतर्गत गुण सगळ्यांना वीसपैकी अठरा देऊन टाकायचे, म्हणजे तक्रार नको. कमिटी यायच्या आदल्या आठवड्यात न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं लिहायची, आणि अक्षर चांगलं म्हणून ती एखाद्या विद्यार्थिनीकडून लिहून घ्यायची. मुलांना हे दिसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गॅदरिंगमधली स्किट्स नीट बघावीत.

आमच्या विभागाच्या प्रयोगपुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाच्या तळाशी एक ओळ छापलेली असायची: 'प्रमाण उत्तर'. ती काढून टाकली. एका नव्या सहकाऱ्यांना काळजी वाटली की मुलं ताळा कशाशी करणार, गोंधळतील. गोंधळलीही. त्या जागी आता एक रिकामी चौकट आहे: 'तुमच्या उत्तराची तुम्हाला किती खात्री आहे, आणि का?' पहिले दोन आठवडे ती सगळ्यांची कोरीच राहते. तिसऱ्या आठवड्यात एकाने लिहिलं होतं, "खात्री कमी आहे, कारण वरचा पंखा चालू होता आणि मामांनी तो बंद करू दिला नाही."